हर्बर्ट मसग्रेव्ह फिप्सन

हर्बर्ट मसग्रेव्ह फिप्सन (सुमारे इ.स. १८५० – इ.स. १९३६) हे मुंबईतील एक इंग्रज मद्यव्यापारी, हौशी निसर्ग अभ्यासक आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे (बीएनएचएस) दुसरे मानद सचिव होते. परदेशी वाइन व स्पिरिटचा व्यापार करणारी फिप्सन आणि कंपनी ही पेढी त्यांच्या नावाने चालत असे. या पेढीच्या जागेतील एक खोली त्यांनी इ.स. १८८४ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या सोसायटीला दिली. पुढे अनेक दशके सोसायटीचे कामकाज, संग्रह, ग्रंथालय आणि नियतकालिक या पेढीच्या आश्रयाने चालले. सोसायटीचे सचिवपदही फिप्सन यांच्यानंतर त्यांच्याच पेढीतील माणसांकडे गेले. भारतातील स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेचा पाया घालणाऱ्या डॉ. एडिथ पेची या त्यांच्या पत्नी होत.

== मुंबईत आगमन ==

फिप्सन इ.स. १८७८ मध्ये मुंबईत आले. सुएझ कालवा सुरू होऊन त्या वेळी नऊ वर्षे झाली होती. आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या शिडाच्या जहाजांची जागा आगबोटींनी घेतली होती आणि युरोपातील माल काही आठवड्यांत मुंबईच्या गोदीत उतरू लागला होता. वाइनसारख्या, उष्णतेने आणि दीर्घ प्रवासाने बिघडणाऱ्या मालाच्या दृष्टीने हा बदल मोठा होता. सैनिकी मेस, क्लब, रेल्वेचे अधिकारी, जंगल खात्याचे साहेब, बंदरात थांबणारी जहाजे आणि शहरातील धनिक घरे हा या व्यापाराचा गिऱ्हाईकवर्ग होता. गिऱ्हाईक संख्येने थोडे होते, परंतु ते सिंधपासून कारवारपर्यंत पसरलेल्या मुंबई इलाख्याच्या कानाकोपऱ्यांत विखुरलेले होते. त्यामुळे दुकान फोर्टात असले तरी व्यापार पत्रांवर आणि रेल्वेने पाठवलेल्या पेट्यांवर चाले.

ज्या वर्षी फिप्सन मुंबईत आले त्याच वर्षी मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला. या कायद्याने देशी दारू गाळण्याचा व विकण्याचा हक्क सरकारने आपल्या हाती घट्ट केला आणि मक्तेदारीच्या पद्धतीला बळ दिले. खानदेशात, विशेषतः आज नंदुरबार जिल्ह्यात मोडणाऱ्या शहादे–तळोदे भागात, मोहाची दारू घरोघर गाळली जाई. लग्न, मर्तिक आणि देवकार्यात तिला स्थान होते. नव्या कायद्याने भिल्ल कुटुंबांचा हा जुना व्यवहार गुन्हा ठरला. परदेशी मद्याची व्यवस्था वेगळी होती. त्यावर बंदरात सीमाशुल्क भरावे लागे आणि विक्रीसाठी परवाना घ्यावा लागे, पण एवढे केले की व्यापार प्रतिष्ठित गणला जाई. इ.स. १८८२ मध्ये सरकारने बहुतेक आयात मालावरील शुल्क काढून टाकले तेव्हाही मद्य आणि मीठ यांवरील शुल्क कायम ठेवले. सरकारी तिजोरीला दारूचे उत्पन्न सोडवत नव्हते. फिप्सन यांच्या पेढीची भरभराट या व्यवस्थेत झाली, हे त्यांच्या निसर्गप्रेमाचे वर्णन करताना बहुधा राहून जाते.

फिप्सन आणि कंपनीची जागा प्रथम फोर्टातील फोर्ब्स स्ट्रीटवर (आजचा डॉ. व्ही. बी. गांधी मार्ग) १८ क्रमांकावर होती. त्यानंतर पेढी अपोलो स्ट्रीटवर (आजचा मुंबई समाचार मार्ग) ६ क्रमांकाच्या जागेत गेली. दोन्ही पत्ते सोसायटीच्या इतिहासात पेढीच्या इतिहासापेक्षा अधिक वेळा येतात.

== बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ==

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईतील आठ जणांनी एकत्र येऊन निसर्गविषयक टिपणे व नमुने एकमेकांना दाखवण्यासाठी एक मंडळ स्थापन केले. डॉ. डी. मॅक्डोनाल्ड, एडवर्ड हॅमिल्टन एटकेन, कर्नल चार्ल्स स्विन्हो, जे. सी. अँडरसन, जे. जॉन्स्टन, डॉ. जी. ए. मॅकॉनकी, डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर आणि डॉ. सखाराम अर्जुन राऊत हे ते आठ जण. फिप्सन यांचा उल्लेख अनेक ठिकाणी संस्थापक म्हणून केला जातो, परंतु या आठांत त्यांचे नाव नाही. ते अल्पावधीतच मंडळात आले आणि लवकरच मंडळाचे सर्व व्यवहार त्यांच्याभोवती फिरू लागले, म्हणून हा समज रूढ झाला असावा.

आठांपैकी दोघे भारतीय आणि दोघेही डॉक्टर होते. आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाचे संस्थापक, तर सखाराम अर्जुन हे वनस्पतींचे जाणकार. सखाराम अर्जुन यांचा मृत्यू इ.स. १८८५ मध्ये, म्हणजे सोसायटीच्या स्थापनेनंतर दोन वर्षांच्या आत झाला. त्यानंतर बराच काळ सोसायटीचे कामकाज मुख्यतः युरोपियनांच्या हाती राहिले. जंगल, पोलीस, लष्कर आणि मुलकी खात्यांतील अधिकारी हे तिचे सभासद होते आणि त्यांतील अनेकांचा निसर्गाशी पहिला परिचय बंदुकीच्या नळीतून झालेला होता. पुढील काळात एका भारतीय पक्षीतज्ज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी संस्था आपल्या पहिल्या दोन पिढ्यांत इतकी साहेबी राहिली, याचे एक कारण तिचा पत्ता हेही असावे. मद्याच्या पेढीची पायरी चढून निसर्ग अभ्यासाला जाणे त्या काळातील सुशिक्षित मराठी घरांत सहज रुचणारे नव्हते.

मंडळाच्या आरंभीच्या सभा भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये (आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय) होत. बहुतेक सभासदांची कचेरी फोर्टात असल्याने ही जागा त्यांना दूर पडे. शिवाय जमा होणारे नमुने ठेवायचे कोठे हा प्रश्न होताच. जानेवारी १८८४ मध्ये फिप्सन यांनी फोर्ब्स स्ट्रीटवरील आपल्या व्यवसायाच्या जागेतील एक खोली मंडळाला दिली. सोसायटीचे पहिले स्वतःचे म्हणता येईल असे ठिकाण ते हेच. पेढीने अपोलो स्ट्रीटवर बिऱ्हाड हलवले तेव्हा सोसायटीही तिच्याबरोबर गेली.

पहिले मानद सचिव एटकेन हे होते. सातारा येथे जन्मलेले एटकेन 'ईएचए' या नावाने लिहीत आणि सरकारच्या कस्टम व मीठ खात्यात नोकरीला होते. परदेशी मद्यावर शुल्क घेणाऱ्या खात्यातला अधिकारी आणि ते शुल्क भरणारा व्यापारी असे हे दोघे मिळून सोसायटी चालवत होते. नोकरीमुळे एटकेन यांची मुंबईबाहेर बदली होत असे. व्यापारी मात्र एका जागी बसलेला असतो. इ.स. १८८६ मध्ये सचिवपद फिप्सन यांच्याकडे आले आणि इ.स. १९०६ पर्यंत, वीस वर्षे, ते त्यांच्याकडेच राहिले.

== सचिवपदाचा काळ ==

सोसायटीचे नियतकालिक जानेवारी १८८६ मध्ये निघू लागले. आरंभी त्याचे संपादन एटकेन आणि आर. ए. स्टर्नडेल यांनी केले. नंतर फिप्सन यांच्याकडे संपादनाची मोठी जबाबदारी आली. दूरच्या जिल्ह्यांतील सभासद पत्राने टिपणे पाठवत. एखाद्या वाघाची लांबी, एखाद्या पक्ष्याचे अवेळी दिसलेले घरटे, विहिरीत सापडलेला अनोळखी साप असे त्यांचे विषय असत. या टिपणांतून निवड करणे, शास्त्रीय नाव पडताळून घेणे, तज्ज्ञाकडे नमुना पाठवणे आणि उत्तर देणे ही सर्व कामे सचिवाच्या टेबलावर होत. हेच टेबल पेढीचेही होते.

पेढी आणि सोसायटी यांच्या रचनेतील हे साम्य लक्षात घेण्याजोगे आहे. इलाखाभर विखुरलेल्या थोड्या माणसांशी पत्राने नियमित संबंध ठेवणे, त्यांच्याकडे पेट्या पाठवणे आणि त्यांच्याकडून आलेल्या पेट्या नीट उघडून नोंदवणे ही दोन्ही ठिकाणची रोजची कामे होती. मेसचा जो सचिव मद्याची मागणी नोंदवी त्याच मेसमध्ये शिकारीच्या गोष्टी चालत. अशा वर्तुळात वावरणाऱ्या व्यापाऱ्याला सभासद मिळवणे विद्यापीठातील प्राध्यापकापेक्षा सोपे गेले असणार. साप, बेडूक आणि मासे टिकवण्यासाठी तेव्हा स्पिरिटच वापरले जाई, हा योगायोग निराळाच.

फिप्सन यांचा स्वतःचा विशेष रस सापांमध्ये होता. मुंबई इलाख्यातील विषारी सापांवर त्यांनी सोसायटीच्या नियतकालिकात आरंभीच्या वर्षांतच लेख लिहिला. सर्पदंशाने मरणाऱ्यांची संख्या मोठी असलेल्या या प्रदेशात विषारी साप कोणते व बिनविषारी कोणते हे सामान्य वाचकाला सांगणे, हा अशा लेखनाचा व्यवहारी हेतू होता. सापांविषयी लिहिण्याची ही परंपरा सोसायटीत पुढेही चालू राहिली आणि फ्रँक वॉल यांच्या विस्तृत लेखनात ती फळाला आली.

इ.स. १८८८ मध्ये जॉर्ज मेसन यांनी पश्चिम घाटातील एका सापाचे प्रथम वर्णन केले आणि त्याला फिप्सन यांचे नाव दिले. युरोपेल्टिस फिप्सोनी हे त्याचे आजचे शास्त्रीय नाव. मराठीत या गटातील सापांना खापरखवल्या म्हणतात. हा बिनविषारी साप जमिनीखाली राहतो. त्याची शेपटी तिरपी छाटल्यासारखी बोथट असून तिच्यावर खडबडीत खवले असतात. पावसाळ्यात बिळात पाणी शिरले की तो वर येतो आणि घाटातील पायवाटांवर दिसतो. शेपटीलाच दुसरे तोंड समजून अनेक ठिकाणी त्याला दुतोंड्या ठरवून मारले जाते. हा साप पश्चिम घाटाबाहेर आढळत नाही.

== विल्यम ==

फिप्सन यांच्या खुर्चीमागील पिंजऱ्यात राहणारा विल्यम नावाचा महाधनेश हा पेढीच्या आणि सोसायटीच्या इतिहासातील सर्वांत परिचित रहिवासी होय. इ.स. १८९४ मध्ये कारवारहून एका सभासदाने तो भेट म्हणून पाठवला तेव्हा तो सुमारे तीन महिन्यांचा होता. पूर्ण वाढलेला महाधनेश चोचीपासून शेपटीपर्यंत एक मीटरहून थोडा लांब भरतो आणि त्याच्या पिवळ्या चोचीवर शिरस्त्राणासारखा उंचवटा असतो. कचेरीत येणाऱ्यांनी फेकलेल्या वस्तू विल्यम चोचीत झेलत असे आणि त्या खाण्याजोग्या आहेत की नाहीत याचा फारसा विचार करत नसे. एकदा त्याने पेटता चिरूट गिळल्याचीही आठवण सांगितली जाते. फिप्सन मुंबई सोडून गेल्यानंतरही तो तेथेच राहिला. इ.स. १९२० मध्ये तारेचा तुकडा गिळल्याने तो मेला. कचेरीत त्याचे वास्तव्य २६ वर्षे होते.

बीएनएचएसच्या बोधचिन्हावर महाधनेश आहे. संस्थेच्या आजच्या इमारतीचे नाव हॉर्नबिल हाऊस आणि तिच्या सभासदांसाठी निघणाऱ्या नियतकालिकाचे नाव हॉर्नबिल असे आहे. ही सर्व नावे मद्यपेढीतील त्या पिंजऱ्यापर्यंत जाऊन पोहोचतात.

== डॉ. एडिथ पेची यांच्याशी विवाह ==

मार्च १८८९ मध्ये फिप्सन यांचा विवाह डॉ. एडिथ पेची (७ ऑक्टोबर १८४५ – १४ एप्रिल १९०८) यांच्याशी मुंबईत झाला. विवाहानंतर त्या पेची-फिप्सन असे नाव लावू लागल्या. आपले आडनाव न सोडता पतीचे आडनाव जोडणे ही गोष्ट त्या काळात असामान्य होती.

एडिनबरो विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी झगडणाऱ्या सात स्त्रियांपैकी एडिथ पेची या एक होत. इ.स. १८७० मध्ये रसायनशास्त्राच्या परीक्षेत त्या नवोदित विद्यार्थ्यांत पहिल्या आल्या, परंतु त्या निकालावर मिळणारी होप शिष्यवृत्ती त्यांना स्त्री असल्यामुळे नाकारण्यात आली आणि त्यांच्या खालच्या क्रमांकावरील पुरुष विद्यार्थ्याला दिली गेली. पुढे विद्यापीठाने स्त्रियांना पदवी देण्यासच नकार दिला. पेची यांनी इ.स. १८७७ मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथून एम.डी. पदवी घेतली, डब्लिन येथून व्यवसायाचा परवाना मिळवला आणि लीड्स येथे सहा वर्षे व्यवसाय केला.

त्याच सुमारास मुंबईत अमेरिकन व्यापारी जॉर्ज किट्रेज आणि सोराबजी शापूरजी बंगाली यांनी भारतीय स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर आणण्याकरिता एक वैद्यकीय निधी उभारला होता. पुरुष डॉक्टरासमोर जाण्यास नकार देणाऱ्या असंख्य स्त्रिया उपचाराविना मरत होत्या, ही त्यामागची प्रेरणा होती. फिप्सन या निधीच्या कामाशी संबंधित होते. निधीच्या निमंत्रणावरून पेची डिसेंबर १८८३ मध्ये मुंबईत आल्या. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून बांधलेले स्त्रिया व मुलांचे कामा रुग्णालय इ.स. १८८६ मध्ये सुरू झाले आणि पेची तेथील प्रमुख वैद्यकीय अधिकारी झाल्या. रुग्णालयाची इमारत उभी राहीपर्यंत जाफर सुलेमान दवाखान्यात स्त्रियांवर उपचार चालत. परिचारिकांना शिक्षण देणे, स्त्री डॉक्टरांना पुरुषांइतकेच वेतन मिळावे म्हणून भांडणे आणि बालविवाहाविरुद्ध सार्वजनिक व्याख्याने देणे ही त्यांची मुंबईतील इतर कामे होती. मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर त्यांची निवड झाली होती.

या टप्प्यावर सोसायटीच्या आठ संस्थापकांपैकी एकाचे घर पुन्हा कथेत येते. डॉ. सखाराम अर्जुन हे रखमाबाई यांचे सावत्र वडील. बालपणी झालेल्या विवाहानंतर नांदायला जाण्यास रखमाबाईंनी नकार दिला आणि इ.स. १८८४ मध्ये पती दादाजी भिकाजी यांनी त्यांच्यावर दावा लावला. इ.स. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला आणि मार्च १८८७ मध्ये नांदायला जा अन्यथा सहा महिने कैद भोगा, असा आदेश न्यायमूर्ती फॅरन यांनी दिला. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. सखाराम अर्जुन इ.स. १८८५ मध्येच वारल्याने त्यांना या काळात वडिलांचा आधार उरला नव्हता. इ.स. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड होऊन प्रकरण मिटले. पेची यांनी रखमाबाईंना वैद्यकीय शिक्षणासाठी प्रोत्साहन दिले आणि त्यांच्या इंग्लंडमधील शिक्षणासाठी पैसा उभा करण्यास मदत केली. इ.स. १८८९ मध्ये, ज्या वर्षी फिप्सन–पेची विवाह झाला त्याच वर्षी, रखमाबाई इंग्लंडला गेल्या. इ.स. १८९४ मध्ये डॉक्टर होऊन त्या परतल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली.

पेची-फिप्सन यांना मधुमेह जडला होता. रुग्णालयातील काम सोडल्यानंतरही त्यांनी मुंबईत खासगी व्यवसाय चालू ठेवला. इ.स. १८९६ मध्ये शहरात प्लेग पसरला तेव्हा साथ हाताळण्याच्या सरकारी पद्धतीवर त्यांनी टीका केली. पती-पत्नींनी मिळून नाशिकजवळ स्त्रिया व मुलांसाठी आरोग्यधामाची योजना उभारली. पेची-फिप्सन सॅनिटेरियम या नावाने ते इ.स. १९६४ पर्यंत चालू होते. मद्याच्या व्यापारातील पैसा अशा कामी लागला याचे नवल समकालीनांना वाटले नसावे. मुंबईतील रुग्णालये, धर्मशाळा आणि शाळा यांच्या देणगीदारांत अफूच्या आणि दारूच्या व्यापारावर संपत्ती उभी केलेली घराणी कमी नाहीत.

== इंग्लंडला परत ==

फिप्सन दांपत्य इ.स. १९०५ मध्ये इंग्लंडला परतले. सोसायटीचे सचिवपद इ.स. १९०६ मध्ये त्यांच्याकडून पुढे गेले. एडिथ पेची-फिप्सन इंग्लंडमध्ये स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत उतरल्या, इ.स. १९०६ मध्ये कोपनहेगन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेला गेल्या आणि इ.स. १९०७ मध्ये लंडनमधील मताधिकार मोर्चात अग्रभागी होत्या. त्यानंतर लवकरच त्यांना स्तनाचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. शस्त्रक्रियेनंतर मधुमेहामुळे बेशुद्धावस्था येऊन १४ एप्रिल १९०८ रोजी फोकस्टन येथे त्यांचे निधन झाले. फिप्सन यांनी त्यांच्या नावे लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिष्यवृत्ती ठेवली. शिष्यवृत्ती नाकारल्या गेलेल्या विद्यार्थिनीचे स्मारक म्हणून शिष्यवृत्तीच निवडली गेली. ती इ.स. १९४८ पर्यंत दिली जात होती. फिप्सन यांचे निधन इ.स. १९३६ मध्ये झाले.

== पेढीतील उत्तराधिकारी ==

फिप्सन गेल्यानंतर सोसायटीचे सचिवपद वॉल्टर सॅम्युअल मिलार्ड यांच्याकडे आले. मिलार्ड इ.स. १८८४ मध्ये फिप्सन यांच्या मद्यव्यापारात मदतनीस म्हणून मुंबईत आले होते. सोसायटीचे काम त्यांनी पेढीच्या कामाबरोबरच शिकून घेतले. इ.स. १९०६ ते १९२० या काळात ते मानद सचिव होते. इ.स. १९०८ च्या सुमारास एक मुलगा आपण छऱ्याच्या बंदुकीने मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन त्यांच्याकडे आला. मिलार्ड यांनी ती ओळखून दिली, संग्रहातील पक्ष्यांच्या कातड्यांचे कप्पे उघडून दाखवले आणि त्याला वाचायला पुस्तके दिली. तो मुलगा म्हणजे सलीम अली. त्यांच्या या भेटीची कथा सर्वश्रुत आहे. ज्या जागेत ती घडली ती फिप्सन यांनी मिळवून दिलेली होती, एवढे येथे नोंदवणे पुरेसे आहे.

भारतातील सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण हे मिलार्ड यांच्या काळातील सर्वांत मोठे काम. इ.स. १९११ मध्ये ते सुरू झाले आणि बारा वर्षे चालले. सर्वेक्षणाची सुरुवात खानदेशातून झाली आणि आर. सी. रॉटन यांनी लिहिलेला पहिला अहवाल खानदेशावरच होता. सी. ए. क्रम्प यांनी त्यासाठी नमुने गोळा केले. उंदीर, चिचुंद्री, वटवाघूळ यांसारख्या, शिकाऱ्यांनी कधी लक्ष न दिलेल्या लहान प्राण्यांची शास्त्रशुद्ध नोंद त्यातून प्रथमच झाली. मोठ्या जनावरांच्या शिंगा-कातड्यांवर वाढलेल्या सोसायटीने या सर्वेक्षणात आपली दृष्टी बदलली, असे म्हणता येते. मिलार्ड यांनी फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांच्यासह भारतातील सुंदर वृक्षांवर लिहिलेले पुस्तक इ.स. १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच्या आवृत्त्या पुढेही निघत राहिल्या. त्यांचे निधन इ.स. १९५२ मध्ये झाले.

मिलार्ड यांच्यानंतर सचिव झालेले रेजिनाल्ड स्पेन्स हेही फिप्सन आणि कंपनीशी निगडित होते. अशा रीतीने सुमारे अर्धशतक सोसायटीचे सचिवपद एकाच मद्यपेढीत फिरत राहिले. पेढीत भागीदार बदलले की सोसायटीत सचिव बदलावा, असा हा क्रम होता. व्यवहाराच्या दृष्टीने तो सोयीचा होता. संस्थेवर बाहेरच्यांचा, विशेषतः भारतीयांचा, अधिकार येण्यास त्यामुळे किती उशीर झाला हा प्रश्न मात्र उरतो. सोसायटीच्या स्वतःच्या इतिहासलेखनात तो क्वचितच विचारला गेला आहे.

== पेढीचे पुढे काय झाले ==

फिप्सन आणि कंपनी हे नाव व्यापारात विसाव्या शतकातही चालू राहिले. स्वातंत्र्याच्या आगेमागे तिच्या व्यवसायाचा पाया हलला. मुंबईत इ.स. १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने दारूबंदी लागू केली. ती फार काळ टिकली नाही, परंतु इ.स. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने राज्यात कडक बंदी आली आणि परदेशी मद्य आरोग्याच्या कारणावरून दिलेल्या परवान्यावरच मिळू लागले. इंग्रज अधिकारी आणि सैनिकी मेस हा जुना गिऱ्हाईकवर्गही याच सुमारास देश सोडून गेला. फिप्सन हे नाव पुढे विठ्ठल मल्ल्या यांच्या यूबी समूहाकडे गेले आणि कॅर्यू-फिप्सन या जोडनावाने काही काळ वापरात होते.

ब्लॅक डॉग या स्कॉच व्हिस्कीच्या नाममुद्रेशीही फिप्सन यांचे नाव जोडलेले आहे. वॉल्टर मिलार्ड यांनी इ.स. १८८३ मध्ये मासेमारीच्या गळावरील एका कृत्रिम माशीवरून तिला हे नाव दिले, अशी कथा या नाममुद्रेच्या प्रसिद्धीत सांगितली जाते. मिलार्ड मुंबईत फिप्सन यांच्याकडे इ.स. १८८४ मध्ये आले हे लक्षात घेता या कथेतील वर्ष जपूनच घ्यावे लागते. इ.स. १८८३ हे सोसायटीच्या स्थापनेचे वर्ष आहे आणि जाहिरातीच्या कथांना असे वर्ष सोयीचे असते.

सोसायटीने अपोलो स्ट्रीट सोडून इ.स. १९६५ मध्ये काळा घोड्याजवळील हॉर्नबिल हाऊस या स्वतःच्या इमारतीत स्थलांतर केले. फोर्ब्स स्ट्रीटवरील फिप्सन यांचे पहिले दुकान होते तो परिसर या इमारतीपासून पायी काही मिनिटांच्या अंतरावर आहे.